डिझेल गाडी घेऊन हिवाळ्यात म्युनिकहून ब्रेनर खिंडीपार: निघण्याआधी गाडीचं काय काय बघायचं?

दक्षिणदिशा

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात म्युनिक – इन्सब्रुक – ब्रेनर – बोल्झानो आणि तिथून पासो गार्डेना (इटलीतला २१२१ मीटर उंचीचा घाट) ओलांडून कोर्व्हारा असा प्रवास आहे. मुक्काम पाच रात्री, गाडी उघड्यावर उभी राहणार. रात्री तापमान −१५ पर्यंत उतरू शकतं असं हॉटेलवाल्यांनी कळवलंय.

गाडी २०१७ची डिझेल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, फ्रंट व्हील ड्राइव्ह. टायर २०५/५५ आर१६, ऑल-सीझन. टायरच्या बाजूला एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलंय, पण डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह नाही. डीओटीचे (टायर कधी बनला ते सांगणाऱ्या क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे ३६१७. नक्षी सगळीकडे साधारण साडेचार मिलिमीटर आहे. बॅटरी गाडीबरोबर आलेलीच आहे, ७० अँपिअर-तासांची. एंजिन ऑइल याच उन्हाळ्यात बदललं, ५डब्ल्यू-३०. कूलंट कधी तपासलेलं नाही.

विचारायचंय ते असं:
१. नक्षी शिल्लक आहे, तर हेच टायर या हिवाळ्यात चालतील का?
२. बॅटरी अजून एकदाही रुसलेली नाही, तरी बदलावी का?
३. थंडीत डिझेल गोठतं म्हणतात. त्याची काळजी किती करायची?
४. साखळ्या विकत घ्याव्यात का, आणि घेतल्या तर कोणत्या?

---

पानापकड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, टायर बदला. नक्षी हे त्याचं कारण नाही. कारणं दोन आहेत, एक कायद्याचं आणि एक रबराचं.

आधी कायदा. जर्मनीत तारखेवर बांधलेली सक्ती नाही, परिस्थितीवर बांधलेली आहे: रस्त्यावर बर्फ, पाणबर्फ किंवा गोठलेला ओलावा असेल तर हिवाळी टायर हवेतच. हिवाळी टायर म्हणजे काय, याची व्याख्या मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून कडक झाली. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह टायरवर पाहिजे. नुसतं एम+एस त्या दिवसापर्यंत चालत होतं, तेही २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या टायरांना. तुमचा टायर २०१७च्या ३६व्या आठवड्यातला आहे, म्हणजे याच सवलतीतला, आणि ती सवलत संपली. बर्फाच्या रस्त्यावर पोलिसांनी थांबवलं तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबर्गच्या नोंदीत (तिथे वाहनचालकांचे वाहतूक-गुन्हे नोंदले जातात) एक गुण. वाहतूक अडवली असेल तर दंड ८० युरो.

गंमत अशी की सीमेपलीकडे ऑस्ट्रियात अजून एम+एस चालतं. तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात, हिवाळी परिस्थिती असेल तेव्हा सक्ती आहे. पण नक्षी किमान ४ मिमी पाहिजे. ३.९ मिमीचा उत्तम हिवाळी टायर तिथे कायद्याने उन्हाळी ठरतो. जर्मनीत नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिमीच आहे, त्यामुळे इथे पास होणारा टायर कुफस्टाइननंतर (सीमेवरचं ऑस्ट्रियन गाव) नापास होऊ शकतो. तुमच्याकडे अर्ध्या मिमीची शिल्लक आहे, एका हिवाळ्यात ती संपते. इटलीत ब्रेनर मोटरवेवर (ए२२) १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी टायर लावलेले असावे लागतात किंवा साखळ्या गाडीत असाव्या लागतात.

आता रबर, जे कायद्यापेक्षा महत्त्वाचं. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहावं असं मिसळलेलं असतं. त्याच्या ठोकळ्यांवर सुरीने दिल्यासारख्या बारीक चिरा असतात. चाक दाबलं की चिरा उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात आणि खाचांत बर्फ गच्च भरतो. बर्फाची बर्फावरची पकड रबराच्या पकडीपेक्षा चांगली असते, म्हणून टायरमध्ये बर्फ अडकणं ही चांगली गोष्ट आहे. हे सगळं रबर मऊ असेपर्यंतच होतं. सहा वर्षांनंतर ते कडक व्हायला लागतं, आठ वर्षांनंतर नखाने दाबूनही फरक कळतो. त्या टायरवर नक्षी दिसते, पण चिरा उघडत नाहीत.

घेताना एवढं बघा:

- डोंगर-हिमकण चिन्ह, आणि डीओटी शक्यतो दोन वर्षांच्या आतली.
- चारही टायर एकसारखे. फक्त पुढे हिवाळी लावले तर उतारावरच्या वळणात गाडीची शेपूट आधी जाते. फ्रंट व्हील ड्राइव्हवाले ही चूक हमखास करतात, कारण चढताना सगळं छान वाटतं.
- गाडीच्या सीओसी कागदात (उत्पादकाच्या मान्यतापत्रात) १९५/६५ आर१५ मान्य असेल तर तो विचारात घ्या. अरुंद टायर पाणबर्फात कमी तरंगतो आणि त्याला साखळीही सोपी बसते. मात्र पंधरा इंची रिमला ब्रेकचं कॅलिपर आत मावतं का, ते आधी तपासा.
- टायरचा वेगनिर्देशांक गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असला तरी जर्मनीत हिवाळी टायरला चालतो. तेव्हा ड्रायव्हरला दिसेल असं वेगमर्यादेचं स्टिकर लावावं लागतं. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०.

टायर निघण्याच्या आदल्या दिवशी बसवू नका. नवीन टायरवर साच्यातून काढताना वापरलेल्या द्रव्याचा थर असतो, तो पहिल्या तीनशे-एक किलोमीटरमध्ये झिजतो. तेवढं अंतर कोरड्या रस्त्यावर हळू ब्रेक मारत काढा. व्हीलबोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा (या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना १२० न्यूटन-मीटर असतो, पण आकडा पुस्तिकेतलाच घ्या) आणि ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा. रिम हबला जिथे टेकते तिथला गंज तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय चाक चढवू नका. बोल्ट नंतर सैल होण्याचं नेहमीचं कारण तिथेच असतं.

हवा: तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बारने उतरतो. उबदार गॅरेजमध्ये २० अंशांना भरलेली २.३ बार हवा −१० ला २.० च्या आसपास येते. तेव्हा बाहेर, टायर थंड असताना मोजा, आणि मुक्कामी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा. टीपीएमएसचा (टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा) दिवा थंडीच्या पहिल्या सकाळी लागतो तो बहुतेकदा याच कारणाने.

नक्षी मोजायला उपकरण नसेल तर दोन युरोचं नाणं खाचेत उभं करा. त्याची चंदेरी कड ४ मिमी आहे, ती पूर्ण बुडाली पाहिजे. आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी बघा.

---

तापमापी

टायरबद्दल पानापकड यांनी लिहिलंय त्यात घालण्यासारखं काही नाही. मी बॅटरी आणि पातळ पदार्थांकडे वळतो.

बॅटरी. गाडीबरोबर आलेली असेल तर तिचं आयुष्य झालंय. "अजून रुसलेली नाही" याचा अर्थ अजून −१५ ची रात्र आलेली नाही एवढाच. शिशाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. −१८ च्या सुमारास ती आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास देते, आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल फिरवायला स्टार्टर जास्त प्रवाह मागतो. डिझेलमध्ये दाब जास्त आणि वर ग्लो प्लगही (थंड एंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) प्रवाह खातात, त्यामुळे पेट्रोल गाडीत आणखी एक हिवाळा निघाली असती अशी बॅटरी डिझेलमध्ये आधी हात टेकते.

तरी आधी मोजा. गाडी लॉक करून सहा-आठ तास ठेवा आणि मल्टिमीटर लावा:

- १२.७ व्होल्ट: पूर्ण भरलेली
- १२.४: तीन चतुर्थांश, चार्ज करायलाच हवी
- १२.२: निम्मी. अशी बॅटरी थंडीत उभी ठेवणं म्हणजे तिच्या प्लेटांचं नुकसान

चार्जरने रात्रभर भरा. ७० अँपिअर-तासांच्या निम्म्या रिकाम्या बॅटरीला ५ अँपिअरचा चार्जर नऊ-दहा तास घेतो. स्टार्ट-स्टॉपवाली गाडी असेल तर बॅटरी एजीएम किंवा ईएफबी असते. चार्जरवर तो पर्याय निवडा आणि बदलताना तोच प्रकार घ्या. एजीएमच्या जागी साधी टाकली तर ती दोन वर्षांत मरते. बऱ्याच गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये करावी लागते. ती नाही केली तर गाडी नव्या बॅटरीलाही जुनी समजूनच चार्ज करत राहते.

भरलेली बॅटरी गोठत नाही, पण पूर्ण उतरलेलीतलं आम्ल −१० च्या आसपासच गोठू शकतं. कवच फुगलेलं दिसलं तर जंप स्टार्ट करू नका, ती फुटू शकते. एरवी जंप केबलचा क्रम असा: लाल आधी बंद गाडीच्या धनाला, मग मदतनीस गाडीच्या धनाला, काळी मदतनीस गाडीच्या ऋणाला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या एंजिनच्या धातूला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या अर्थ पॉइंटला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून लांब.

ग्लो प्लग. नऊ-दहा अंशांना एक-दोन प्लग मेलेले कळतही नाहीत. शून्याखाली एंजिन तीन सिलिंडरवर धडधडत सुरू होतं आणि पांढरा धूर सोडतं. निघण्याआधी फॉल्ट कोड वाचून घ्या. प्लग बदलायचे ठरले तर गरम एंजिनवरच काढायला सांगा. थंड हेडमधून जोर लावून काढताना ते तुटतात, आणि तुटला की वीस मिनिटांच्या कामाचे दोन दिवस होतात.

डिझेल. पूर्ण गोठत नाही, त्यातलं मेण वेगळं होऊन फिल्टर चोंदतो. लक्षण ओळखीचं आहे: गाडी सुरू होते, काहीशे मीटर जाते, ताकद सोडते आणि बंद पडते. जर्मनीत १६ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर पंपावर −२० पर्यंत फिल्टरमधून जाणारं हिवाळी डिझेल असतं. १ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर मात्र −१० चं, आणि त्याआधी उन्हाळ्यात ० चं. गाडी कमी चालत असेल तर टाकीत अजून ऑक्टोबरचं डिझेल असू शकतं. म्हणून नोव्हेंबरअखेर टाकी जवळपास रिकामी होऊ द्या आणि मग पूर्ण भरा, म्हणजे फिल्टरपर्यंतही नवं डिझेल पोचतं.

तुमच्या मार्गावर खरी गोम बोल्झानोला आहे. ते शहर जेमतेम २६० मीटरवर, तुम्ही झोपणार दीड हजार मीटरच्या वर. दरीत किंवा त्याहून दक्षिणेला मैदानात भरलेलं डिझेल वरच्या थंडीसाठी बनवलेलं असेलच असं नाही. जाऊन-येऊन सातशे किलोमीटरच्या आसपास होतात, तेवढं पन्नास लिटरच्या टाकीत बसतं. म्युनिकला किंवा ऑस्ट्रियात भरून घ्या. वर भरायची वेळ आलीच तर डोंगरातल्या पंपांवर 'गासोलिओ अल्पिनो' असं लिहिलेलं डिझेल मिळतं, तेच घ्या.

पूर्वी लोक डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळायचे. आताच्या कॉमन-रेल एंजिनात ते चुकूनही करू नका. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोलने ते जातं आणि धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत पोचतो. मेणरोधक द्रव्य मिळतं, पण ते डिझेल गढूळ व्हायच्या आधी टाकीत पडलं पाहिजे. एकदा तयार झालेलं मेण ते विरघळवत नाही. गाडी अडलीच तर स्टार्टर मारत बसू नका, गरम गॅरेजमध्ये ओढून न्या. डिझेल फिल्टर बदलायला आला असेल तर आत्ताच बदला, निदान त्यातलं पाणी काढा.

अ‍ॅडब्लू (धूर शुद्ध करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव्य) −११ ला गोठतं. त्याची चिंता नको, टाकीत हीटर असतो आणि ते वितळेपर्यंत गाडी चालते. फक्त काठोकाठ भरू नका.

ऑइल ५डब्ल्यू-३० उत्तम, −१५ ला काही प्रश्न नाही.

कूलंट गाडी थंड असताना रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. काचेवर एक थेंब, आकडा लगेच. −३० पर्यंतचं संरक्षण असलं की निश्चिंत.

काच धुण्याचं पाणी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू. उन्हाळ्याचं आधी फवारून संपवा, हिवाळी भरा आणि मग काचेवर वास आणि रंग येईपर्यंत फवारा, कारण टाकीत बदललं तरी नळीत जुनंच असतं आणि आधी नळीच गोठते. बाटलीवर −२० लिहिलेलं असलं तरी धावत्या गाडीत काचेवर स्पिरिट उडून जातं आणि मागे पाणी राहतं. डोंगरासाठी −३० चं मिश्रण धरा. रस्त्यावरच्या मिठाचं पाणी काचेवर उडतं अशा दिवशी दोनशे किलोमीटरला तीन लिटर सहज लागतं, एक कॅन डिकीत ठेवा.

---

दक्षिणदिशा

दोघांचेही मनापासून आभार. टायर ऑर्डर केले, १९५/६५ आर१५ सीओसीत मान्य आहेत आणि रिम बसते हे गॅरेजने तपासलं. बॅटरी रात्रभरानंतर १२.३ दाखवते, म्हणजे तीही बदलतोय.

कूलंट मोजलं, −१८ दाखवतं. रंग गुलाबी. पुस्तिकेत एकूण ८ लिटर लिहिलंय. वरच्या टाकीत निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतून भागेल का? आणि साखळ्यांचं कुणी सांगाल का?

---

तापमापी

वरच्या टाकीत ओतून भागणार नाही, तिथे जागाच पाव-अर्धा लिटर असते. हिशोब करू. −१८ म्हणजे ग्लायकॉल (कूलंटमधलं गोठणरोधक द्रव्य, कॉन्सन्ट्रेट म्हणजे तेच पाण्याशिवाय) साधारण ३३ टक्के. ५० टक्क्यांना −३७ मिळतं, तिथे पोचायचंय. ८ लिटरमधून २ लिटर काढले तर उरलेल्या ६ लिटरमध्ये ग्लायकॉल २ लिटर. त्यात २ लिटर कॉन्सन्ट्रेट घातलं की ८ पैकी ४, म्हणजे बरोबर निम्मं. तेव्हा थंड एंजिनवर रेडिएटरच्या खालच्या होजमधून २ लिटर काढा, २ लिटर कॉन्सन्ट्रेट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून एंजिन तापू द्या, पंखा एकदा लागून बंद होऊ द्या, गाडी थंड झाल्यावर पातळी बघा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा. हवा काढायची पद्धत गाडीगणिक वेगळी असते, ती पुस्तिकेतून घ्या.

"जास्त घातलं तर जास्त संरक्षण" असं मात्र नाही. निव्वळ ग्लायकॉल −१२, −१३ च्या आसपासच गोठतं, आणि पाण्यापेक्षा उष्णताही कमी वाहून नेतं. ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका.

रंगावर विश्वास ठेवू नका. गुलाबी, जांभळा, निळा हे नुसते रंग आहेत, प्रत्येक उत्पादक आपला रंग वापरतो. पुस्तिकेत लिहिलेला मानक क्रमांक डब्यावर शोधा. चुकीची मिश्रणं गाळासारखी होतात आणि हीटरचा बारीक रेडिएटर आधी चोंदतो. मग नेमक्या थंडीत केबिनमध्ये गरम हवा येत नाही.

---

घाटरस्ता

पासो गार्डेना ओलांडायचा असेल तर साखळ्या हव्यातच. निळ्या गोलात साखळी बांधलेलं चाक दाखवलेली पाटी आली की जर्मनीत आणि ऑस्ट्रियात पुढे साखळ्यांशिवाय जाता येत नाही, हिवाळी टायर कितीही चांगले असोत. इटलीत त्या पाटीला हिवाळी टायरही चालतात, पण घाटात बर्फ जास्त असेल तर साखळ्याच कामाला येतात.

विकत घेण्याआधी गाडीची पुस्तिका उघडा. त्यात दोन गोष्टी असतात: कोणत्या मापाच्या टायरवर साखळी चालते, आणि कडीची जाडी जास्तीत जास्त किती. चाकाच्या आतल्या बाजूला शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेकचा होज असतो, तिथे जागा कमी असते, म्हणून काही गाड्यांना ९ मिमीचीच साखळी लागते. साखळीच्या खोक्यावर टायरची मापं छापलेली असतात. तुम्ही आता १९५/६५ आर१५ वर गेलात, तर खोक्यावर तेच माप पाहिजे. २०५/५५ आर१६ साठी घेतलेली "जवळपास तीच" साखळी चालत नाही. मानक ईएन १६६६२-१ किंवा ऑस्ट्रियाचं ओनॉर्म व्ही ५११७ छापलेलं बघा. कायमच्या विकत नको असतील तर जर्मनीत एडीएसी आणि ऑस्ट्रियात ओएएमटीसी हे वाहनचालकांचे क्लब भाड्यानेही देतात.

साखळीऐवजी टायरवर चढवायचे कापडी मोजे वजनाला हलके आणि चढवायला सोपे, पण सगळ्या देशांत साखळीच्या पाटीला ते मान्य नसतात आणि उघड्या डांबरावर काही किलोमीटरमध्ये फाटतात. या मार्गाला धातूचीच घ्या.

घरी, कोरड्यात, एकदा चढवून बघा. अंधारात, −१० ला, ओल्या हातमोज्यांनी सूचनापत्रक वाचता येत नाही. नेहमीच्या लवचिक कडीच्या साखळीचा क्रम:

१. चढ सुरू व्हायच्या आधी, रुंद आणि सपाट जागी थांबा. अंधारात चमकणारं जॅकेट घाला, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका.
२. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा. वाकडी चढवली तर टायरच्या बाजूला घासून चिरते.
३. फ्रंट व्हील ड्राइव्ह असल्यामुळे साखळ्या पुढच्याच चाकांना. लवचिक कडी चाकामागून सरकवा, दोन्ही टोकं वर जोडा आणि कडी पूर्ण मागे ढकला. ती मागे नीट बसली नाही की पुढचं काहीच जुळत नाही.
४. पुढचा हूक लावा, ताणाची साखळी कुलपातून ओढा, उरलेलं टोक अडकवा. लोंबतं टोक ब्रेकचा होज कापू शकतं.
५. ५० ते १०० मीटर जा, थांबा, पुन्हा ताणा. ही पायरी गाळली की साखळी सुटते. स्वतःच ताणून घेणाऱ्या साखळ्यांनाही हे लागू आहे, त्यांनाही एकदा थांबून बघावंच लागतं.

कमाल वेग ५० किमी प्रतितास. बर्फ ओबडधोबड असेल तर ३० पुरे. सुटताना चाक फिरतच नसेल तर एएसआर (घसरण रोखणारी यंत्रणा) बंद करून बघा, कारण ते चाक घसरलं की शक्ती काढून घेतं आणि साखळीला बर्फात रुतायला थोडं घसरणं लागतं. गाडी निघाली की पुन्हा चालू करा.

उतरताना एक लक्षात असू द्या: साखळ्या पुढे आहेत, मागची चाकं मोकळी आहेत. वळणात शिरून ब्रेक दाबलात तर मागचा भाग बाहेर झुकतो. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर वेग कमी करा, दुसरा गिअर धरून ठेवा आणि वळणात पाय ब्रेकवरून काढा.

डांबर उघडं दिसलं की पहिल्या सोयीच्या जागी काढा. उघड्या डांबरावर कडी तुटते आणि तुटलेलं टोक मडगार्ड फोडतं. परत आल्यावर कोमट पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर मीठ पुढच्या हिवाळ्यापर्यंत कड्या खाऊन टाकतं.

साखळ्यांबरोबर गुडघ्याखाली घालायला रबरी मॅट, पाणी न झिरपणारे हातमोजे, डोक्याला बांधायचा दिवा आणि घडीचं फावडं. ओढण्याचा हूक कुठे आहे तेही आत्ताच बघून ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो उलट्या आट्यांचा असतो. घड्याळाच्या दिशेने फिरवून "बसत नाही" म्हणत लोक बर्फात अर्धा तास घालवतात.

---

काचपुसणी

उघड्यावर पाच रात्री म्हणजे सकाळची कामं आधीच कमी करून ठेवायची.

दारांच्या रबरांना निघण्याआधी सिलिकॉनची काडी फिरवा. रबर आधी पुसून कोरडं करा. ओल्यावर लावलं तर पाणी आतच राहतं आणि दार चिकटतंच. अडकलेलं दार ओढू नका, आधी बाहेरून तळहाताने आत दाबा, म्हणजे बर्फाची चीर तुटते. ओढलं तर रबर सोलून येतं. कुलपाचं बर्फ काढण्याचं द्रव्य खिशात किंवा बॅगेत ठेवा. गाडीत ठेवलं तर नेमकं लागेल तेव्हा ते दाराच्या आत असतं.

वायपर उभे करून ठेवा किंवा खाली पुठ्ठा घाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी बंद करताना वायपरचा दांडा बंदवर आणि ऑटो काढलेला. सकाळी चावी फिरवताच ऑटो वायपर गोठलेल्या काचेवर ओढ घेतो आणि पात्याची कड जाते, कधी मोटरही.

काचेवर गरम पाणी कधीच नाही. खरवडणी किंवा फवारा. सगळी काच, आरसे, दिवे, नंबर प्लेट आणि टपही. टपावरचा बर्फ पहिल्या ब्रेकला घसरून पुढच्या काचेवर येतो, किंवा मोटरवेवर मागच्या गाडीवर उडतो. एलईडी दिव्यांची पुढची काच गरम होत नाही, म्हणून त्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही. लांबच्या प्रवासात दर थांब्याला पुसा. आणि बर्फ पडत असेल तर डीआरएलवर (दिवसा आपोआप लागणाऱ्या दिव्यांवर) विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत त्याने मागचे दिवे लागत नाहीत. लो बीम हाताने लावा.

काच आतून धुरकटते ती ओलाव्याने. कापडी मॅट काढून खोलगट रबरी मॅट टाका, त्यात साचलेलं पाणी रोज ओता. केबिन फिल्टर बदला. एसी हिवाळ्यातही लावा, तो हवा कोरडी करतो. आतली हवा फिरवण्याचं बटण मात्र बंद.

हँडब्रेक: तुमच्याकडे केबलचा असेल तर रात्री ओढू नका, ओली केबल गोठते आणि सकाळी मागचं चाक जाम. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला पाचर लावा.

गाडी उभी ठेवून एंजिन तापवत बसू नका. जर्मनीत त्याला बंदीच आहे, आणि डिझेल रिकाम्या फिरण्याने तापतही नाही. काच साफ करा, सुरू करा, अर्ध्या मिनिटात निघा, पहिले दहा किलोमीटर आरपीएम कमी ठेवा. कधी बर्फात अडकून गाडी उभी ठेवून हीटर लावावाच लागला तर आधी सायलेन्सरचं तोंड फावड्याने मोकळं करा आणि दर थोड्या वेळाने पुन्हा बघा. तिथे बर्फ साचला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो.

---

पानापकड

सगळी तयारी झाली तरी एक आकडा मनात घेऊन निघा. ताशी ५० किमी वेगात, ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर घर्षणावर ठरतं. कोरड्या डांबरावर (घर्षणांक ०.८) सुमारे १२ मीटर. दाबलेल्या बर्फावर (०.२५) सुमारे ४०. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर (०.१) जवळजवळ १००. यात ब्रेकवर पाय जायला लागणारा सेकंद धरलेला नाही, त्याचे १४ मीटर वेगळे. एबीएस गाडी वळती ठेवतं, हे अंतर ते कमी करू शकत नाही.

आणि −१५ पेक्षा शून्याच्या आसपासचं तापमान जास्त फसवतं. खूप थंडीत बर्फ कोरडा आणि खरखरीत असतो. शून्याला त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. डॅशबोर्डवर +३ दिसत असलं तरी पुलावर रस्ता गोठलेला असू शकतो, कारण पूल वरून आणि खालून दोन्हीकडून थंड होतो. ब्रेनरला इन्सब्रुकहून चढताना पूलच पूल आहेत.

नवीन रिमवर टीपीएमएसचे सेन्सर असतील तर गॅरेजमधून निघतानाच ते गाडीला ओळखू येतात का बघून घ्या. टायरमध्ये दाबाचे सेन्सर नसलेल्या, चाकाच्या फेऱ्या मोजणाऱ्या पद्धतीची गाडी असेल तर हवा बाहेरच्या थंडीत नीट भरा आणि मगच मेन्यूतून रीसेट करा. आधी रीसेट केलंत तर गाडी कमी हवेलाच बरोबर मानून बसेल.

---

दक्षिणदिशा

फेऱ्या मोजणारी पद्धतच आहे. शनिवारी टायर चढतील; रविवारी सकाळी बाहेर हवा भरून रीसेट करतो, बोल्ट तपासतो आणि दुपारी अंगणात साखळ्या चढवून बघतो. हँडब्रेक केबलचाच आहे, पाचर यादीत घातली.